डिस्कवरचे जंगल

(राष्ट्रीय वनशहीद दिनानिमित्त चंद्रपूर येथे झालेल्या स्मृती व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



२० नोव्हेंबर २०२१ च्या सकाळी ताडोब्यातील कोलारा परिक्षेत्रात एक महिला वनरक्षक तीन साथीदारांना घेऊन पायी निघाली. अखिल भारतीय व्याघ्रगणनेसाठी मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा नोंदवायच्या होत्या. वाटेत वाघीण दिसली. पथक बराच वेळ थांबले, मग वळसा घालून पुढे जाऊ लागले आणि वाघिणीने झडप घातली. वनरक्षक वाचली नाही. आजचे व्याख्यान अशाच कर्मचाऱ्यांच्या स्मृतीला वाहिलेले आहे. म्हणून विषयही त्यांच्या कामातलाच घेतला आहे. ज्या नोंदीसाठी माणूस जिवावर उदार होऊन जंगलात जातो, त्या नोंदीचे पुढे काय होते? ती कुठे लिहिली जाते, कोणाला वाचता येते आणि कोणाला बदलता येते?

आधी पसारा लक्षात घेऊ. २०२२ च्या गणनेत देशभर ३२,५८८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले होते. त्यांनी ४ कोटी ७० लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली. त्यांपैकी ९७,३९९ वाघांची होती आणि पट्ट्यांवरून ३,०८० वेगवेगळे वाघ ओळखता आले. महाराष्ट्राच्या वाट्याला ४४४ वाघांचा अंदाज आला. पायी गस्तीच्या नोंदी वेगळ्याच. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१० मध्ये 'एम-स्ट्राइप्स' ही प्रणाली आणली, तिच्या आधारे आता वनरक्षकाच्या हातातला मोबाइल त्याची वाट, वेळ आणि दिसलेल्या खुणा टिपत असतो. पूर्वी बीटच्या डायरीत शाईने उतरणारी ओळ आता डेटाबेसच्या तक्त्यात उतरते.

तक्ता म्हटले की रकाने आणि ओळी डोळ्यांसमोर येतात. डिस्कवर मात्र त्या तशा नसतात. डेटाबेस आपली फाइल ठरावीक आकाराच्या पानांत वाटून ठेवतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये, थोडक्यात पोस्टग्रेसमध्ये, एक पान ८ किलोबाइटचे, मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये १६ किलोबाइटचे, तर मोबाइलमधल्या एसक्यूलाइटमध्ये सर्वसाधारणपणे ४ किलोबाइटचे. पोस्टग्रेसचे पान उघडून पाहिले तर सुरुवातीला २४ बाइटांचे शीर्षक असते. त्याच्या मागोमाग, कोणती ओळ पानात कुठे आहे ते सांगणारे चार-चार बाइटांचे निर्देश असतात. खुद्द ओळी पानाच्या शेवटाकडून वर भरत येतात. दोन्हींमधली मोकळी जागा संपली की पान भरले.

कोलाऱ्याची एखादी नोंद या पानात कशी दिसेल? परिक्षेत्राचे नाव युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत लिहिलेले असेल. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे 'कोलारा' या शब्दाने १८ बाइट घेतले. अक्षांश आणि रेखांश आकड्यांच्या स्वरूपात आठ-आठ बाइटांत बसतात. मग तारीख, वेळ, नर की मादी, बछडे होते का. सगळे मिळून शंभर-दोनशे बाइटांचा मामला. एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीने मजकूर कूटबद्ध करणे, नसेल तर ही फाइल वाचायला डेटाबेसचा पासवर्ड लागत नाही. पासवर्ड विचारतो तो डेटाबेस चालवणारा प्रोग्राम. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की त्या पहारेकऱ्याशी गाठच पडत नाही. साध्या शोधाने 'कोलारा' सापडते आणि त्याच्या शेजारी आकडे.

त्यातही ती नोंद डिस्कवर एकाच जागी नसते. ओळ तक्त्याच्या पानात जाण्याआधी तिची खबर बदलांच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहिली जाते. वीज गेली तर अर्धवट राहिलेले काम या नोंदवहीवरून पुरे करता यावे म्हणून ही सोय आहे. तारखेवरून किंवा ठिकाणावरून लवकर शोधता यावे म्हणून इंडेक्स असतो, त्यात त्या मूल्यांची आणखी एक प्रत. मोठी यादी क्रमाने लावायची वेळ आली आणि मेमरी अपुरी पडली की तात्पुरत्या फाइली तयार होतात. दुसऱ्या सर्व्हरवर सतत चालणारी प्रतिकृती असते आणि रात्री घेतलेला बॅकअप असतो. नोंद पुसली तरी ती लगेच नाहीशी होत नाही. पोस्टग्रेस त्या ओळीवर 'मृत' अशी खूण करतो, सफाईची फेरी नंतर होते आणि जुने बाइट नवी ओळ त्यांच्यावर लिहिली जाईपर्यंत तिथेच पडून राहू शकतात. पडद्यावर एक असलेली वाघीण डिस्कवर सहा ठिकाणी वावरत असते.

एन्क्रिप्शनचे काम इथे सुरू होते. डेटाबेसच्या जगात सर्वांत रुळलेली पद्धत पानाच्या पातळीवरची आहे. पान मेमरीतून डिस्कवर जाताना कूटबद्ध होते आणि डिस्कवरून मेमरीत येताना उलगडते. वापरणाऱ्याला काही कळत नाही, प्रोग्राम आणि अहवाल पूर्वीसारखेच चालतात. ओरॅकलने २००५ मध्ये काही रकान्यांपुरती अशी सोय दिली, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती २००८ मध्ये आली. मायएसक्यूएलमध्ये ती २०१६ मध्ये आली, पण तक्त्याच्या फाइलीपुरती. त्याच डेटाबेसच्या बायनरी लॉगमध्ये प्रत्येक बदलाची नोंद असते आणि त्या लॉगला कूटबद्ध करण्याची सोय २०१९ मध्ये मिळाली. मधल्या काळात ज्यांनी तक्ता बंद करून निर्धास्त झोप घेतली, त्यांच्याकडे तीच माहिती शेजारच्या फाइलीत उघडी असू शकत होती. पोस्टग्रेसच्या मूळ वितरणात तक्ता कूटबद्ध करण्याची अशी सोय नाही. तिथे लोक बहुधा लिनक्सची अख्खी डिस्कच कूटबद्ध करतात, किंवा निवडक रकाने.

आतली यंत्रणा बहुतेक ठिकाणी एकच: एईएस. जोन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांनी ती रचली आणि अमेरिकेच्या मानक संस्थेने नोव्हेंबर २००१ मध्ये तिला मानक म्हणून मान्यता दिली. ती १६ बाइटांचा एक ठोकळा घेते आणि किल्लीच्या साहाय्याने त्याचा १६ बाइटांचा निरर्थक दिसणारा ठोकळा करते. पण प्रत्येक ठोकळा सुटा-सुटा कूटबद्ध केला तर सारख्या ठोकळ्याचे उत्तर सारखेच येते आणि मजकूर न वाचताही त्यातली पुनरावृत्ती दिसते. म्हणून आधीच्या ठोकळ्याचा परिणाम पुढच्यात मिसळतात आणि सुरुवातीला दरवेळी बदलणारी एक संख्या घालतात.

ही बारीक बाब गडचिरोलीत फार मोलाची ठरू शकते. सिकलसेल हा विदर्भातल्या आदिवासी आणि इतर अनेक समाजांत आढळणारा आनुवंशिक आजार. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे आणि त्यात मोठ्या प्रमाणावर रक्ततपासणी होते. निकाल ढोबळमानाने तीन: निरोगी, वाहक आणि आजारी. 'वाहक' हा शब्द मुलीच्या लग्नात काय करू शकतो, ते गावातली आशा सेविका कोणालाही सांगेल. आता हा निकालाचा रकाना कूटबद्ध केला, पण शोध सोपा व्हावा म्हणून सारख्या निकालाला सारखेच कूट ठेवले, तर काय होईल? रकान्यात तीनच वेगवेगळी कूटे दिसतील. सर्वांत जास्त वेळा येणारे निरोगी, त्यापेक्षा कमी वाहक, सर्वांत कमी आजारी. किल्लीला हात न लावता अख्ख्या तालुक्याचे निकाल वाचून झाले! २०१५ मध्ये मोहम्मद नवीद, सेनी कामारा आणि चार्ल्स राइट या संशोधकांनी अमेरिकेतील २०० रुग्णालयांच्या माहितीवर नेमका असाच प्रयोग केला. शोधता येण्यासाठी मूल्यांचा क्रम किंवा वारंवारिता उघडी ठेवणाऱ्या पद्धती किती गळतात, हे त्यांनी दाखवून दिले. अशा रकान्यात प्रत्येक ओळीला वेगळे कूट यायला हवे आणि त्यापायी शोध संथ झाला तर तो होऊ द्यायला हवा.

मग किल्लीचा प्रश्न. डेटाबेस सहसा दोन पातळ्यांवर किल्ल्या ठेवतो. प्रत्येक तक्त्याची फाइल तिच्या स्वतःच्या किल्लीने बंद होते. ती किल्ली फाइलीच्या शीर्षभागातच असते, पण मुख्य किल्लीने कूटबद्ध केलेली. त्यामुळे मुख्य किल्ली बदलायची असेल तेव्हा लाखो पाने पुन्हा लिहावी लागत नाहीत, फक्त छोट्या किल्ल्या नव्याने बंद करायच्या. मुख्य किल्ली मात्र दुसरीकडे हवी. कोषागारातल्या तिजोरीला दोन कुलुपे असतात आणि दोन्ही किल्ल्या एकाच माणसाकडे कधी देत नाहीत, तसा हा व्यवहार आहे. प्रत्यक्षात कित्येकदा मुख्य किल्ली त्याच सर्व्हरवरच्या एका साध्या फाइलीत असते. मायएसक्यूएलचे अधिकृत दस्तऐवजही बजावतात की किल्ली अशी फाइलीत ठेवणे ही नियमपालनासाठीची व्यवस्था समजू नये. चोराने डिस्क नेली आणि किल्ली त्याच डिस्कवर असली, तर कुलपाने काय साधले?

यातून एन्क्रिप्शनची हद्दही कळते. ते चोरलेली डिस्क, हरवलेला बॅकअप, भंगारात गेलेला सर्व्हर यांच्यापासून वाचवते. रीतसर लॉगिन करून आत आलेल्या माणसापुढे ते निमूटपणे पाने उलगडून ठेवते.

२०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाचा एक तरुण वाघ, पन्ना-२११, गळ्यात उपग्रह कॉलर घेऊन फिरत होता. त्याचा ठावठिकाणा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील शास्त्रज्ञाच्या ईमेलवर येत असे. त्या खात्यात शिरण्याचा एक प्रयत्न झाला आणि तो पुण्यातून झाल्याचे तेव्हा सांगितले गेले. सर्व्हरने तो रोखला. कॉलरची माहितीही कूटबद्ध होती, विशिष्ट सॉफ्टवेअरशिवाय ती उलगडली नसती. 'सायबर शिकार' हा शब्द त्यानंतर वृत्तपत्रांत रुळला. या प्रकरणात डेटाबेसच्या डिस्कला कोणीही हात लावलेला नव्हता. प्रयत्न झाला तो माहिती वाहून नेणाऱ्या वाटेवर आणि ती वाचू शकणाऱ्या माणसाच्या खात्यावर.

मग सगळे कडेकोट बंद करावे काय? चंद्रपूर जिल्ह्यात तसे करता येत नाही. ताडोब्यातली झीनत ही वाघीण नोव्हेंबर २०२४ मध्ये ओडिशातल्या सिमिलिपालला नेली. तिथून ती निघाली ती झारखंड ओलांडून पश्चिम बंगालमध्ये शिरली आणि २९ डिसेंबरला बांकुडा जिल्ह्यात बेशुद्ध करून पकडली गेली. त्या काळात तीन राज्यांतल्या पथकांना तिचा ठावठिकाणा हवा होता, तोही ताजा. वाघ कुठे आहे हे शिकाऱ्याला कळले तर वाघ मरतो. ते मोहफुले वेचायला पहाटे निघालेल्या बाईला कळले नाही तर बाई मरते. ताडोब्याच्या सीमेवर सीतारामपेठेत कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून 'आभासी भिंत' उभारली गेली ती याचसाठी: वाघ गावाकडे आला की सूचना द्यायची.

यावर तोड आहे ती माहितीच्या बारकाव्यात. अक्षांश-रेखांशाचे चार दशांश दिले तर जागा सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकी होते, एकच दशांश दिला तर सुमारे ११ किलोमीटरपर्यंत सैल. 'आयनॅचरलिस्ट' हे निसर्गनोंदींचे जागतिक व्यासपीठ संकटग्रस्त प्रजातींचे ठिकाण ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी दाखवते, म्हणजे आपल्याकडे साधारण २० किलोमीटरचा चौकोन. गावकऱ्याला '२० किलोमीटरच्या आत वाघ आहे' हे सांगून काही उपयोग नाही. त्याला 'आज संध्याकाळी तळ्याकडे जाऊ नका' एवढे कळले पाहिजे. पर्यटकाला सैल ठिकाण पुरते. वनरक्षकाला त्याच्या बीटपुरते नेमके हवे. जो आकडा नको त्याच्या हाती जाऊ नये असे वाटते, तो त्याच्यासाठी तयारच न करणे हे कुठल्याही कूटलेखनापेक्षा भक्कम.

आता याच भागातल्या जंगलांची दुसरी नोंद पाहू. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला मात्र २७ एप्रिल २०११ उजाडला. तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावलाही २०१२ मध्ये असाच हक्क मिळाला. या वनहक्क पट्ट्यांच्या मुळाशी आहेत त्या नोंदी: दाव्याचे अर्ज, ग्रामसभेचे ठराव, सीमांचे नकाशे आणि विदर्भाच्या महसुली परंपरेतली निस्तार पत्रके. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ नुसार निस्तार पत्रकात गावाने चराई, सरपण, लाकूड कोणत्या शर्तींवर आणायचे ते नमूद असते.

या कागदांत लपवण्यासारखे काही नाही. उलट ते जितक्यांनी वाचले तितके गावाच्या हिताचे. धोका निराळाच आहे: कोणीतरी एखादा कक्ष क्रमांक किंवा हेक्टरचा आकडा गुपचूप बदलण्याचा. आणि एन्क्रिप्शन या धोक्यावर उपाय नाही. कूटबद्ध तक्त्यातही अधिकार असलेला माणूस आकडा बदलू शकतो, डिस्कवर तो बदललेला आकडा तितक्याच काटेकोरपणे कूटबद्ध होऊन बसतो. पोस्टग्रेस प्रत्येक पानावर एक बेरीजखूण ठेवू शकतो आणि २०२५ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीपासून ती खूण आपोआप चालू असते. पण ती डिस्क बिघडल्याचे सांगते, माणसाच्या हेतूचे नाही.

इथे कामाला येते ती डिजिटल स्वाक्षरी. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० मध्ये तिला मान्यता दिली आणि महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. मजकुरावरून एक ठसा काढायचा आणि अधिकाऱ्याच्या खासगी किल्लीने त्यावर स्वाक्षरी करायची. त्यानंतर मजकुरातला एक आकडा जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. तपासायला गुप्त किल्ली लागत नाही, सार्वजनिक किल्ली सर्वांना उघड असते. ग्रामसभेने आपल्या पट्ट्याची अशी स्वाक्षरी केलेली प्रत आपल्याजवळ ठेवली, तर कार्यालयातल्या प्रतीशी ती केव्हाही ताडून पाहता येते. एकाच भागातल्या जंगलांविषयीचे दोन तक्ते, पण त्यांची गरज उलटी: वाघिणीचे ठिकाण थोड्यांनी वाचावे, हक्काचा कागद सर्वांनी वाचावा आणि कोणीही चोरून बदलू नये. 'डेटा सुरक्षित आहे' या सरकारी वाक्यात हा फरक बुडून जातो.

कायद्यातही तो पुरता उतरलेला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. सिकलसेलचा निकाल त्याच्या छत्राखाली येतो. वाघीण 'व्यक्ती' नाही, तिचा पत्ता त्या कायद्याबाहेर. हक्कांच्या नोंदींच्या बाबतीत तर माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ उलट दिशेने बोलते: मागण्याची वाट न पाहता उघड करा.

शेवटचा मुद्दा नोंद हरवण्याचा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये हल्लेखोरांनी पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध करून टाकली. मालकाच्याच माहितीवर परक्याची किल्ली बसली आणि देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाचे काम दिवसेंदिवस कागदावर चालले. किल्ली आपलीच असली तरी ती हरवल्यावर परिणाम तोच होतो. १८६९ चा चांदा जिल्ह्याचा, म्हणजे तेव्हाच्या चंद्रपूर-गडचिरोलीचा, बंदोबस्त अहवाल आजही उघडून वाचता येतो. वनहक्क नियमांत असे बंदोबस्त अहवाल आणि नकाशे पुरावा म्हणून ग्राह्य आहेत. कूटबद्ध बॅकअपची किल्ली गेली, तर तो दुसऱ्या दिवशीही वाचता येत नाही.

भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर आला की रस्ता बंद पडतो, नेटवर्कही जाते, आणि तोपर्यंतच्या नोंदी कर्मचाऱ्याच्या मोबाइलमधल्या छोट्या डेटाबेसमध्येच थांबतात. तो मोबाइल वाहून गेला तर नोंद गेली, कोणाच्या हाती लागला तर नोंद फुटली. पहिल्यासाठी दुसरी प्रत हवी, दुसऱ्यासाठी कुलूप. एसक्यूलाइटचे प्रत्येक पान कूटबद्ध करणारे 'एसक्यूएलसायफर' यासाठी उपलब्ध आहे, तेही मुक्त स्रोतात. पण पडद्याच्या कुलपाचा आकडा १२३४ असेल आणि तो अख्ख्या नाक्यावर माहीत असेल, तर त्या सोयीतून फारसे काही हाती लागणार नाही.

सरकारी कार्यालयात बदली झाली की कार्यभार देताना यादी होते: कपाटे किती, नोंदवह्या किती, कोणत्या कपाटाची किल्ली कोणाला दिली. एप्रिल-मेमध्ये बदल्यांचे आदेश निघतील तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या कार्यालयांनी त्या यादीत चार ओळी वाढवाव्यात. कोणता तक्ता कूटबद्ध आहे. त्याची मुख्य किल्ली कुठे आहे आणि दुसरी प्रत कोणाकडे. जाणाऱ्या अधिकाऱ्याचे लॉगिन कोणत्या तारखेला बंद केले. आणि शेवटचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उघडून कोणी, कधी पाहिला. चौथ्या ओळीसमोर तारीख लिहिता आली नाही, तर कार्यभार घेणाऱ्याने सही करण्याआधी बॅकअप आपल्यासमोर उघडून मागावा.